सायकल चालवताना हेडफोनचा वापर

सायकल चालवताना हेडफोनचा वापर म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर सायकलने जात असताना कानावर किंवा कानात बसवलेल्या साधनाद्वारे संगीत, ध्वनिमुद्रित कार्यक्रम, दूरध्वनीवरील संभाषण अथवा मार्गदर्शक सूचना ऐकणे. मागून येणाऱ्या वाहनांची चाहूल सायकलस्वाराला मुख्यतः कानानेच लागते. त्यामुळे हा वापर रस्ता सुरक्षेच्या दृष्टीने वादाचा विषय ठरला आहे. फ्रान्स व स्पेन यांसारख्या देशांत त्यावर सरसकट बंदी आहे, अमेरिकेच्या काही राज्यांत एका कानापुरती मुभा आहे, तर नेदरलँड्ससारख्या सायकलप्रधान देशात तो कायदेशीर आहे. भारतात सायकलस्वारांच्या हेडफोन वापराबाबत स्वतंत्र केंद्रीय तरतूद नाही. धोक्याचे प्रमाण हेडफोनचा प्रकार, आवाजाची पातळी आणि रस्त्यावरील वाहतूक यांनुसार पुष्कळ बदलते. ‘हेडफोन’ या एकाच शब्दाखाली हे सर्व प्रकार एकत्र आणल्याने या विषयावरील चर्चेत बराच गोंधळ झालेला दिसतो.

इतिहास

सोनी कंपनीचा वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये विक्रीस आला आणि चालताना, धावताना व सायकल चालवताना संगीत ऐकणे प्रथमच सहज शक्य झाले. त्यावर निर्बंध घालण्याचे प्रयत्नही लगोलग सुरू झाले. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातील वुडब्रिज या गावाने १९८२ मध्ये रस्त्यावर हेडफोन वापरण्यास मनाई करणारा स्थानिक नियम केला व त्याला त्या वेळी बरीच प्रसिद्धी मिळाली. २००१ मध्ये आलेला आयपॉड आणि त्यानंतरचे स्मार्टफोन यांमुळे हा वापर सार्वत्रिक झाला. वायरविरहित इअरबडमुळे हेडफोन दुरून दिसेनासा झाला. बंदीची अंमलबजावणी करणाऱ्या पोलिसांपुढील ही एक व्यावहारिक अडचण आहे.

सायकलस्वार आणि श्रवण

मोटारचालकाजवळ मागचे पाहण्यासाठी तीन आरसे असतात. सायकलस्वाराजवळ बहुधा एकही नसतो. मागे पाहण्यासाठी त्याला मान वळवावी लागते, आणि त्या क्षणी समोरच्या खड्ड्यावरून किंवा उघडणाऱ्या मोटारीच्या दारावरून त्याची नजर हटते. नवख्या सायकलस्वाराचे हँडलही मान वळवलेल्या दिशेला ओढले जाते. याउलट कान सर्व बाजूंचे एकाच वेळी ऐकतो आणि त्यासाठी वेगळी हालचाल करावी लागत नाही. मागून काही येत आहे, ते जड आहे की हलके, वेग वाढवत आहे की कमी करत आहे, हे अनुभवी सायकलस्वार आवाजावरून ओळखतो आणि मागे वळून पाहायचे की नाही हे त्यावरून ठरवतो. कानाने दिलेली सूचना अशा रीतीने डोळ्याला कामाला लावते.

आवाजाची दिशा ओळखण्याचे काम दोन्ही कानांच्या सहकार्याने होते. उजवीकडून येणारा आवाज उजव्या कानाला थोडा आधी आणि थोडा मोठा ऐकू येतो. हा कालफरक जास्तीत जास्त एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या सुमारे दोन तृतीयांश एवढाच असतो, तरीही मेंदू त्यावरून दिशा ठरवतो. कमी कंप्रतेच्या आवाजासाठी कालफरक आणि जास्त कंप्रतेच्या आवाजासाठी तीव्रतेतील फरक उपयोगी पडतो, ही उपपत्ती ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रेले यांनी १९०७ मध्ये मांडली. आवाज समोरून येतो की मागून, हे मात्र या दोन फरकांवरून कळत नाही, कारण दोन्ही बाबतींत तो दोन्ही कानांपर्यंत सारखाच पोहोचतो. तो भेद कानाच्या बाहेरील वळणदार भागामुळे, म्हणजे बाह्यकर्णामुळे होतो; त्याच्या घड्या मागून आणि समोरून येणाऱ्या ध्वनीत वेगवेगळे सूक्ष्म बदल घडवतात. बाह्यकर्ण पूर्ण झाकणारा हेडफोन किंवा कानाच्या नळीत घट्ट बसणारा इअरफोन ही खूण पुसून टाकतो. आवाज ऐकू आला तरी तो कुठून आला हे समजण्यास मग वेळ लागतो.

संगीताचा दुसरा परिणाम ध्वनिआच्छादनाचा, म्हणजे एका आवाजाने दुसरा झाकला जाण्याचा आहे. कमी कंप्रतेचे मोठे आवाज आपल्याहून अधिक कंप्रतेच्या आवाजांनाही झाकतात. म्हणून ढोल, तबल्याचा डग्गा किंवा बेस गिटार ठळक असलेले संगीत हलक्या सुरांच्या संगीतापेक्षा रस्त्यावरचे आवाज अधिक लपवते. याचा अर्थ अंतराच्या भाषेत मांडता येतो. मोकळ्या जागेत एखाद्या लहान ध्वनिस्रोतापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. त्यामुळे कानातील संगीतामुळे ऐकू येण्याची किमान पातळी १२ डेसिबलने वर गेली, तर जे वाहन एरवी ६० मीटरवरून ऐकू आले असते ते सुमारे १५ मीटरवर आल्यावर ऐकू येईल. सायकल ताशी १४ किमी आणि मागचे वाहन ताशी ५० किमी वेगाने जात असेल, तर त्यांच्यातील अंतर दर सेकंदाला १० मीटरने कमी होते. म्हणजे सहा सेकंदांची पूर्वसूचना दीड सेकंदावर येते. प्रत्यक्ष रस्त्यावर इमारती, इतर वाहने व वारा यांमुळे हे आकडे बदलतात, परंतु आवाज थोडा वाढवल्याने फारसे बिघडत नाही हा सर्वसाधारण समज का चुकीचा आहे, हे त्यांवरून स्पष्ट होते.

वारा हाही महत्त्वाचा घटक आहे. सायकलचा वेग वाढला की कानावरून वाहणारी हवा स्वतःच आवाज निर्माण करते. अमेरिकेतील हेन्री फोर्ड रुग्णालयातील संशोधकांनी वातबोगद्यात घेतलेल्या मोजमापांत ताशी १० मैल, म्हणजे सुमारे १६ किमी वेगाच्या वाऱ्याला कानाशी सुमारे ८५ डेसिबल आवाज आढळला. हेडफोन नसतानाही सायकलस्वार पूर्ण शांततेत ऐकत नसतो, ही बाब हेडफोनवरील चर्चेत क्वचितच लक्षात घेतली जाते. उताराला वेगाने जाताना तर वाऱ्याच्या आवाजामुळे मागचे वाहन अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही.

विजेवर चालणाऱ्या वाहनांमुळे या प्रश्नाला नवे वळण मिळाले आहे. कमी वेगात अशा वाहनांना इंजिनाचा आवाज नसतो आणि टायरचा आवाजही थोडाच असतो. युरोपीय संघाने जुलै २०१९ पासून विद्युत व संकरित मोटारींच्या नव्या प्रारूपांना आणि जुलै २०२१ पासून अशा सर्व नव्या मोटारींना ताशी २० किमी वेगापर्यंत कृत्रिम सूचनाध्वनी बंधनकारक केला आहे. मुख्यतः पादचाऱ्यांसाठी केलेली ही तरतूद सायकलस्वारांनाही उपयुक्त ठरते. मात्र कान बंद असतील तर तिचा हेतू साधत नाही.

हेडफोनचे प्रकार

डोक्यावरून बसणारे व कान पूर्ण झाकणारे हेडफोन बाहेरचा आवाज अडवतात आणि हेल्मेटच्या पट्ट्यांनाही अडथळा करतात. कानाच्या तोंडाशी टेकणारे साधे इअरबड कानाची नळी पूर्ण बंद करत नाहीत, त्यामुळे कमी आवाजात बाहेरचे बरेच ऐकू येते. सिलिकॉनच्या टोप्या असलेले, नळीत खोल बसणारे इअरफोन मात्र कानात बोळा घातल्यासारखे काम करतात. संगीत बंद असतानाही ते बाहेरचा आवाज कमी करतात. बाजारात हे दोन्ही प्रकार ‘इअरबड’ याच नावाने विकले जातात, परंतु सुरक्षेच्या दृष्टीने त्यांच्यातील फरक मोठा आहे.

सक्रिय नॉइज कॅन्सलेशन असलेल्या साधनांत बाहेरच्या आवाजाच्या विरुद्ध कलेची ध्वनिलहर निर्माण करून तो आवाज नाहीसा केला जातो. हे तंत्र अखंड व कमी कंप्रतेच्या आवाजांवर सर्वाधिक परिणामकारक ठरते. मागून येणाऱ्या ट्रक किंवा बसच्या इंजिनाची घरघर नेमकी याच प्रकारची असल्याने सायकलस्वारासाठी हा सर्वांत प्रतिकूल पर्याय समजला जातो. अशा अनेक साधनांत ‘पारदर्शक’ म्हटली जाणारी दुसरी स्थिती असते. तिच्यात बाहेरचा आवाज मायक्रोफोनने टिपून कानात सोडला जातो. दालनात किंवा रेल्वेत ती चांगली चालते. सायकलवर मात्र वारा थेट मायक्रोफोनवर आदळतो आणि त्याचाच खरखराट कानात ऐकू येण्याची शक्यता असते.

अस्थिवहन हेडफोन गालाच्या हाडावर टेकतात आणि हाडाच्या कंपनांद्वारे आवाज आतील कानापर्यंत पोहोचवतात. कानाची नळी व बाह्यकर्ण मोकळे राहत असल्याने दिशा ओळखण्याची क्षमता बरीचशी टिकते, म्हणून सायकलस्वार व धावपटूंमध्ये ते लोकप्रिय आहेत. तरीही दोन्ही मार्गांनी आलेला ध्वनी शेवटी एकाच आतील कानात पोहोचत असल्याने ध्वनिआच्छादन टळत नाही; मोठ्या आवाजात अस्थिवहन हेडफोनही बाहेरचे आवाज झाकतो. संभाषणाकडे वळलेले लक्ष तर कोणत्याच प्रकारच्या साधनाने परत मिळत नाही.

संशोधन

या विषयावरील सर्वाधिक उल्लेखिला जाणारा प्रयोग नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठात डिक दे वार्ड व सहकाऱ्यांनी केला. तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २५ जणांनी वेगवेगळ्या परिस्थितीत ठरावीक मार्गावर सायकल चालवली. नळीत बसणारे इअरफोन वापरून संगीत ऐकताना थांबण्याचा मोठा ध्वनिसंकेत ६८ टक्के वेळा सायकलस्वारांच्या लक्षातच आला नाही. मोठा आवाज व जलद लयीचे संगीत यांमुळेही संकेत कमी वेळा ऐकू आला. एकाच कानात साधा इअरबड असताना मात्र कामगिरीत घट दिसली नाही. फोनवर बोलताना सायकलस्वारांनी वेग कमी केला, तरीही संकेताला प्रतिसाद देण्यास त्यांना अधिक वेळ लागला; फोन हातात धरणे आणि हात मोकळे ठेवून बोलणे यांत फारसा फरक आढळला नाही. लक्ष विचलित होण्याचे कारण हातापेक्षा संभाषणात अधिक असते, असे यावरून सूचित होते.

प्रयोगात संकेत चुकणे आणि रस्त्यावर अपघात होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नेदरलँड्समध्येच २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रश्नावली-आधारित अभ्यासात प्रत्येक फेरीत इलेक्ट्रॉनिक साधने वापरणाऱ्या किशोरवयीन सायकलस्वारांत अपघाताची शक्यता, साधने कधीच न वापरणाऱ्या समवयस्कांच्या तुलनेत १.६ पट, तर तरुणांत १.८ पट आढळली. मध्यमवयीन व वृद्ध सायकलस्वारांत असा लक्षणीय संबंध दिसला नाही. या अभ्यासात संगीत आणि फोनचा इतर वापर एकत्र मोजला होता. शिवाय सतत साधने वापरणारे तरुण इतर बाबतींतही अधिक धोका पत्करणारे असू शकतात. म्हणून या आकड्यांवरून संगीत हेच अपघाताचे कारण, असा निष्कर्ष काढता येत नाही.

अमेरिकेतील एका अभ्यासात २००४ ते २०११ या काळात हेडफोन घातलेल्या व्यक्तींच्या मृत्यूच्या अथवा दुखापतीच्या ११६ घटना नोंदवल्या गेल्या. सायकलविषयीच्या चर्चेत त्याचा हवाला वारंवार दिला जातो. परंतु तो पादचाऱ्यांचा अभ्यास आहे आणि त्यातील निम्म्याहून अधिक घटना रेल्वेगाड्यांच्या आहेत. सायकल अपघाताच्या पोलीस नोंदींत हेडफोनची नोंद नियमितपणे घेतली जात नसल्याने या प्रश्नाचे थेट उत्तर देणारी आकडेवारी तुटपुंजी आहे.

विरुद्ध बाजूने ऑस्ट्रेलियातील ‘बायसिकल नेटवर्क’ या सायकलस्वारांच्या संघटनेच्या ‘राइड ऑन’ या मासिकाने २०११ मध्ये केलेली चाचणी पुढे केली जाते. माफक आवाजात साधे इअरबड वापरणाऱ्या सायकलस्वाराला बाहेरचे जेवढे ऐकू येते, त्यापेक्षा काचा बंद केलेल्या व संगीत न लावलेल्या मोटारीच्या चालकाला कमी ऐकू येते, असे तिच्यात आढळले. चाचणी सायकलस्वारांच्या बाजूच्या संस्थेने घेतलेली होती, हे लक्षात घेतले तरी तिने उपस्थित केलेला तुलनेचा मुद्दा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

विविध देशांतील कायदे

फ्रान्समध्ये १ जुलै २०१५ पासून चालत्या वाहनाच्या चालकाने आवाज निर्माण करणारे कोणतेही साधन कानाला लावण्यास मनाई आहे. ही मनाई सायकलस्वारांनाही लागू असून दंड १३५ युरो आहे. श्रवणदोषावरील श्रवणयंत्रांना त्यातून वगळले आहे. एका कानात साधन असले तरी तो गुन्हाच ठरतो. स्पेनच्या वाहतूक नियमावलीतही अशीच मनाई आहे आणि दंड २०० युरो आहे.

जर्मनीतील नियमाची रचना वेगळी आहे. तेथे हेडफोनचे नाव घेतलेले नाही. उपकरणांमुळे आपली दृष्टी व श्रवण बाधित होणार नाही याची जबाबदारी चालकावर टाकली आहे. माफक आवाजात संगीत ऐकणारा सायकलस्वार त्यामुळे दोषी ठरत नाही, आणि श्रवण बाधित झाल्यास दंडही नाममात्र १० युरो आहे. जपानमध्ये प्रांतांच्या नियमांत हाच दृष्टिकोन आढळतो. १ एप्रिल २०२६ पासून तेथे सोळा वर्षे व त्यावरील सायकलस्वारांना जागेवर दंडपावती देण्याची पद्धत लागू झाली. आवश्यक आवाज ऐकू येणार नाहीत अशा रीतीने इअरफोन वापरल्यास ५,००० येन, तर फोन हातात धरून वापरल्यास १२,००० येन दंड आहे. नेदरलँड्सने १ जुलै २०१९ पासून सायकल चालवताना फोन हातात धरण्यावर बंदी घातली, परंतु हेडफोनने संगीत ऐकण्याची मुभा कायम ठेवली.

अमेरिकेत हा विषय राज्यांच्या अखत्यारीत येतो. कॅलिफोर्नियात दोन्ही कान झाकण्यास किंवा दोन्ही कानांत इअरफोन घालण्यास मनाई असून १ जानेवारी २०१६ पासून ती सायकलस्वारांना स्पष्टपणे लागू झाली. न्यूयॉर्क राज्यातही एकापेक्षा अधिक इअरफोन वापरता येत नाही.

भारत

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील ‘मोटार वाहन’ या व्याख्येत सायकल येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने या अधिनियमाच्या कलम १८४ मध्ये हातात धरून संपर्क साधन वापरण्याचा समावेश धोकादायक वाहनचालनात केला. ते कलम मोटार वाहनांच्या चालकांसाठी आहे. ताशी २५ किमीपेक्षा कमी वेगाच्या आणि पाव किलोवॉटपेक्षा कमी शक्तीच्या विद्युत सायकलीही विहित अटी पूर्ण करत असल्यास मोटार वाहनाच्या व्याख्येबाहेर राहतात. मात्र १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ कोणत्याही वाहनाला लागू होते. सार्वजनिक मार्गावर मानवी जीवितास धोका पोहोचेल अशा बेदरकारपणे किंवा हयगयीने वाहन हाकणाऱ्यास त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. केवळ हेडफोन घातल्याने हा गुन्हा होत नाही.

भारतीय रस्त्यांवर श्रवणाचे महत्त्व युरोपातील रस्त्यांहून वेगळे आहे. येथे हॉर्न हा धोक्याचा इशारा तर असतोच. शिवाय ‘मी तुमच्या उजवीकडून पुढे जात आहे’ असे सांगण्याची ती रूढ भाषा आहे. मालमोटारींच्या पाठीवर लिहिले जाणारे ‘हॉर्न ओके प्लीज’ हे शब्द त्याच व्यवहाराचे द्योतक होत. अनावश्यक हॉर्नला उत्तेजन मिळते म्हणून महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने २०१५ मध्ये व्यावसायिक वाहनांवर ते शब्द लिहिण्यास मनाई केली. ध्वनिप्रदूषणाच्या दृष्टीने ती योग्य असली, तरी मागचा चालक हॉर्न वाजवून सायकलस्वार बाजूला होईल असे गृहीत धरूनच पुढे येतो, ही सवय कायम आहे. हॉर्न ऐकू न आलेला सायकलस्वार आपल्या रेषेतून हलत नाही किंवा खड्डा चुकवण्यासाठी अचानक उजवीकडे वळतो. अशा वेळी दोघांचेही अंदाज एकदम चुकतात. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यासह बहुतेक शहरांत सायकलस्वाराला मोटारी, बस व दुचाकींच्या बरोबरीने एकाच मार्गिकेतून जावे लागत असल्याने ही बाब अधिक गंभीर होते.

याच रस्त्यांवरचा गोंगाट सायकलस्वाराला हेडफोनकडे ढकलतो, हेही खरे आहे. शिवाय खाद्यपदार्थ व वस्तू घरपोच पोहोचवणाऱ्या कामगारांसाठी इअरफोन हे करमणुकीचे नव्हे, तर कामाचे साधन असते. ग्राहकाचा फोन व रस्ता दाखवणाऱ्या सूचना कानात आल्या नाहीत, तर फोन हातात धरून पडद्याकडे पाहावे लागते, आणि ते अधिक धोक्याचे आहे.

वाद

नोव्हेंबर २०१३ मध्ये लंडनमध्ये दोन आठवड्यांत सहा सायकलस्वारांचा मृत्यू झाला. त्यानंतर तत्कालीन महापौर बोरिस जॉन्सन यांनी हेडफोनबंदीला अनुकूलता दर्शवली. सायकलस्वारांच्या संघटनांनी त्यावर कडाडून टीका केली. मोठ्या मालमोटारींच्या चालकांना सायकलस्वार न दिसणे आणि धोकादायक चौक ही मुख्य कारणे असताना मृतांच्या कानांकडे बोट दाखवले जात आहे, असे त्यांचे म्हणणे होते. बंदी अमलात आली नाही.

बंदीच्या विरोधकांचा दुसरा युक्तिवाद कर्णबधिर सायकलस्वारांचा आहे: ज्यांना ऐकूच येत नाही त्यांना सायकल चालवण्याची मुभा असेल, तर ऐकणे ही सुरक्षिततेची अट कशी, असे विचारले जाते. यावर समर्थकांचे उत्तर असे, की कर्णबधिर व्यक्ती डोळ्यांनी अधिक वेळा मागोवा घेण्याची सवय आयुष्यभर जोपासते, तर हेडफोन घालणारी व्यक्ती कानावर विसंबण्याची सवय तशीच ठेवून कान बंद करते. या उत्तरात तथ्य आहे. मात्र माफक आवाजातला एक इअरबड आणि पूर्ण बंद कान यांना एकाच दंडास पात्र ठरवणाऱ्या कायद्याचे त्याने समर्थन होत नाही.

वापरातील खबरदारी

जेथे कायद्याने परवानगी आहे तेथे एकाच कानात, नळी बंद न करणारे साधन वापरणे हा तुलनेने कमी धोक्याचा पर्याय मानला जातो. वाहतूक ज्या बाजूने पुढे निघून जाते त्या बाजूचा कान मोकळा ठेवावा, असे सुचवले जाते. भारतासारख्या डाव्या बाजूने वाहतूक असलेल्या देशात तो उजवा कान, तर फ्रान्स किंवा अमेरिकेत डावा कान होय. एका कानावर दिशा नीट ओळखता येत नसल्याने हा उपाय अर्धवटच आहे. दोन्ही कान मोकळे ठेवणारी अस्थिवहन किंवा खुल्या कानाची साधने त्या दृष्टीने सरस ठरतात. आवाज थांबलेल्या अवस्थेत ठरवून घ्यावा आणि चालताना वाऱ्यामुळे ऐकू आले नाही तरी वाढवू नये. चौक, उड्डाणपुलाचे उतार व रेल्वे फाटक येथे साधन बंद ठेवावे, असेही सुचवले जाते. हँडलला आरसा लावणे स्वस्त व उपयुक्त असले तरी तो कानाची जागा घेत नाही, कारण आरशात पाहण्याचा क्षण सायकलस्वाराला स्वतःच निवडावा लागतो.

वाऱ्यावर मात करण्यासाठी आवाज वाढवण्याचा परिणाम कानाच्या आरोग्यावरही होतो. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या मानकानुसार प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास ही सुरक्षित मर्यादा आहे, आणि आवाज ३ डेसिबलने वाढला की हा अवधी निम्म्यावर येतो. वारा व वाहतूक यांच्या वर संगीत ऐकू यावे म्हणून तो ९२ डेसिबलपर्यंत नेल्यास आठवड्याची मर्यादा अडीच तासांत संपते. रोज जाताना अर्धा तास व येताना अर्धा तास सायकलने कामावर ये-जा करणाऱ्या व्यक्तीचा तेवढा वेळ तीन दिवसांतच भरतो.

क्रीडास्पर्धा

व्यावसायिक सायकल शर्यतींत स्पर्धक संघाच्या व्यवस्थापकाशी संपर्कासाठी कानात रेडिओ वापरतात. तेथे रस्ते इतर वाहतुकीसाठी बंद असतात आणि पुढील वळण, अपघात वा अडथळा यांची माहिती त्यातूनच मिळत असल्याने त्याचे समर्थन सुरक्षेच्याच कारणाने केले जाते. रेडिओमुळे शर्यतीतील उत्स्फूर्तता हरवते, या आक्षेपामुळे ऑलिंपिक व जागतिक अजिंक्यपद स्पर्धांतील रस्ता शर्यतींत मात्र त्याला परवानगी नसते. ट्रायथलॉनमध्ये स्पर्धकांना सायकलच्या टप्प्यात हेडफोन वापरता येत नाही.